अर्थिंगचा देव

“अभी जल चढा रहे हैं. पाँच मिनट बैठिए.”

शिपाई रामसेवक हे यूपीएस कंपनीच्या माणसाला सांगत होता. पलीकडच्या बाकावर नेमणुकीचं पत्र मांडीवर घेऊन मी बसले होते, म्हणून मलाही ते ऐकू आलं. बँकेच्या कॉम्प्युटर विभागात माझा पहिला दिवस होता, आणि ज्यांच्या हाताखाली काम शिकायचं ते पूजा करत होते. मी मागच्या खिडकीतून पाहिलं. आवारात भिंतीलगत पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ अनवाणी उभे होते. पँट घोट्याच्या वर दुमडलेली, शेजारी बादली, हातात प्लॅस्टिकचा मग. जमिनीतल्या एका चौकोनी खड्ड्यात ते सावकाश पाणी ओतत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

ते मंत्र म्हणत नव्हते, पाण्याचे मग मोजत होते. बूट चामड्याचे होते, ते भिजू नयेत म्हणून काढले होते. तो खड्डा अर्थिंगचा होता. पण हे सगळं मला कळायला महिना गेला, कारण विचारायला मला तेवढा वेळ लागतो.

ते होते विश्वासराव कदम. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नया बाजारजवळच्या आमच्या त्या कचेरीत त्यांना सगळे ‘कदमसाब’ म्हणत. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून माझ्यासाठी ते कदमकाका झाले. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आले होते. “ते तलवार घेऊन आले, मी टेस्टर घेऊन बसलोय,” असं ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. मला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “शाळा कुठली?” मी सांगितलं. “म्हणजे कॉन्व्हेंट. मग आधी इंग्रजीत विचार करशील, त्याचं हिंदी करशील, मग माझ्यासाठी मराठी. तोवर इथे फ्यूज उडून जाईल. तू असं कर, बोलू नको, बघत राहा.”

ते माझ्या इतकं पथ्यावर पडलं की मी वर्षभर तेवढंच केलं.

बँकेचा सर्व्हर काचेच्या एका खोलीत होता. त्याला वीज देणारे दोन डबे मागून सरकवलेले असत. एक बंद पडला तर दुसरा सगळा भार घेतो. कदमकाका त्यांना थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणत. “दोघी एकाच घरात राहतात, पण दोघींची चूल वेगळी पाहिजे,” असं म्हणून त्यांनी दोन्ही वायरी वेगवेगळ्या यूपीएसला जोडल्या होत्या. आठवड्यातून एकदा ते थोरलीची वायर काढत, डोळे मिटत आणि पंख्याचा आवाज ऐकत. मग ती लावून धाकटीची काढत. “धाकटी कुरकुरतेय,” असं ते म्हणाले की पंधरा दिवसांत तो डबा जात असे. यात चमत्कार काही नव्हता. बॉल बेअरिंग झिजलं की आवाज बदलतो, हे त्यांनी मला नंतर खुशाल सांगून टाकलं. इतरांना मात्र सांगितलं नाही.

त्यांचा मीटर काट्याचा होता. आकड्यांचा नवा मीटर बँकेने दिला होता, तो कपाटात खोक्यासकट होता. “आकडा तुला फक्त किती ते सांगतो. काटा कसा चाललाय ते पण सांगतो. थरथरतोय की नाही, घाबरलाय की नाही.” काकूंनी त्या मीटरला जुन्या शालूच्या काठाची पिशवी शिवली होती. जरीच्या पिशवीतून मीटर काढणारा दुसरा इंजिनियर मी पाहिलेला नाही.

आणि डावा हात. वीज मोजताना डावा हात खिशात ठेवायचा, हा त्यांचा नियम. एका हाताने आत शिरलेल्या विजेला दुसऱ्या हाताने बाहेर पडायचा रस्ता मिळाला तर ती छातीतून जाते. म्हणून रस्ताच बंद ठेवायचा. तीस वर्षांत ही सवय इतकी मुरली की तो हात बाहेर यायचं विसरून गेला. त्यांच्या पुतणीच्या लग्नाचे फोटो मी पाहिलेत. प्रत्येक फोटोत कदमकाका डावा हात खिशात घालून अक्षता टाकतायत. एकदा मुख्य कचेरीचे मोठे साहेब आले. सगळा स्टाफ हात जोडून रांगेत उभा, आणि कदमकाका एक हात खिशात घालून.

साहेब म्हणाले, “आप तो बडे आराम में हैं.”

“जी सर. आराम में हूँ, इसीलिए जिंदा हूँ.”

आमचे मॅनेजर भदौरिया साहेब पुढे दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. कदमकाकांच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

त्यांची तपासायची पद्धत मीटरपासून सुरू होत नसे. जानेवारीत एकदा यूपीएस रोज साडेअकराच्या सुमारास जास्त भार झाल्याची शिटी द्यायला लागला. ग्वाल्हेरच्या थंडीत कोणी तरी टेबलाखाली हीटर लपवून तो यूपीएसच्या लाल सॉकेटात लावलाय, हे उघड होतं. विचारलं असतं तर सगळ्यांनी देवाशपथ नाही म्हटलं असतं. कदमकाकांनी विचारलं नाही. ते प्रत्येक टेबलाशी जाऊन तब्येतीची चौकशी करत फिरले आणि परत येऊन मला म्हणाले, “तोमर मॅडम.”

मी पाहत राहिले.

“सगळ्यांच्या पायात दोन-दोन मोजे आहेत. त्या चपला काढून बसल्यात.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोमर मॅडमना घरून आणलेली गरम पाण्याची रबरी पिशवी भेट दिली. “सर्दी बहुत है, मॅडम,” एवढंच म्हणाले. हीटर त्या संध्याकाळी घरी गेला. तोमर मॅडमही हुशार. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी हीटर आणला तेव्हा पायात मोजे घातले होते.

मी त्यांच्याकडून शिकले ते मुख्य एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग थांबायचं आणि पाहायचं. नुसतं थांबण्यात त्यांचे दिवसच्या दिवस जात आणि भदौरिया साहेबांना वाटे की हा माणूस काही करत नाही.

अर्थिंगच्या खड्ड्याबद्दल मी अखेर विचारलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, सर्व्हरला तीन तारा लागतात. एकीने वीज येते, दुसरीने परत जाते आणि तिसरी जमिनीत जाते. नको असलेली, वाट चुकलेली सगळी वीज त्या तिसरीने जमिनीत जायची. पण जमीन ती घेते कधी? ओली असेल तर. आमच्याकडे मे महिन्यात जमीन विटेसारखी होते. म्हणून रोज सकाळी एक बादली पाणी, महिन्यातून एकदा मूठभर खडे मीठ. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेमध्ये काटा दोन व्होल्टच्या खाली राहतो. तो वर गेला की सर्व्हर वेड्यासारखा वागायला लागतो.

“पण रामसेवकला वाटतं तुम्ही पूजा करता,” मी म्हणाले.

“वाटू दे ना. त्याला अर्थिंग म्हटलं असतं तर त्याने त्यावर सायकली लावल्या असत्या. आता बघ, कोणी पान खाऊन थुंकत पण नाही तिकडे.”

खरंच होतं. खड्ड्याच्या लोखंडी झाकणावर कधी झेंडूचं फूल असे, कधी कुंकवाचं बोट. ग्राहकही जाता जाता हात जोडत. कदमकाका फुलं अलगद बाजूला ठेवत, झाकण उघडत, पाणी ओतत आणि फुलं परत झाकणावर ठेवत. आपली ही युक्ती त्यांना फार आवडली होती.

मग विलीनीकरण आलं. आमची छोटी बँक एका मोठ्या बँकेत जाणार, हे वर्षभर ऐकत होतो. आता ते खरं झालं. पाट्या बदलणार, फॉर्म बदलणार, माणसं इकडची तिकडे होणार. आमच्या सर्व्हरमधली सगळी खाती एका रविवारी मोठ्या बँकेच्या यंत्रणेत न्यायची होती. त्याआधी कदमकाकांना महिनाभर नव्या यंत्रणेच्या शिक्षणासाठी भोपाळला पाठवलं. दिवस मे महिन्याचे होते. जाताना त्यांनी मला एकच काम सांगितलं.

“रोज एक बादली. बारा मग. विसरू नको.”

मी विसरले नाही. पहिल्या दिवशी घातलं, दुसऱ्या दिवशी घातलं. दुसऱ्या दिवशी मी वळले तर मागे तीन ग्राहक चपला काढून, हात जोडून उभे होते. एका बाईंनी मला विचारलं, “बेटी, ये कौन से बाबा हैं?” माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिसऱ्या दिवशी मी बादली रामसेवकला दिली आणि म्हटलं, तुम्ही घालाल का. तो आनंदाने हो म्हणाला. बादलीच्या जागी त्याने तांब्याचा छोटा लोटा आणला. पाणी तो झाकणावर घालत असे, झाकण न उघडता. मी खिडकीतून पाहिलं आणि त्याला सांगायचं ठरवलं. ठरवत राहिले.

मोठ्या बँकेने आवारात फरशी घालायला गवंडी पाठवला. भिंतीशी फुलं, कुंकू, लोट्याचं पाणी पाहून त्याने कुदळ खाली ठेवली. देवावर फरशी कशी घालायची? भला माणूस होता. त्याने रामसेवकशी बोलून तिथे एक छोटा ओटा बांधला, वर उरलेला संगमरवर बसवला, आणि पाणी वाहून जायला नाल्याकडे छान उतारही दिला. मी खिडकीत उभी होते. झाकण सिमेंटखाली जाताना मला दिसलं. मी मनात वाक्य तयार केलं. इंग्रजीत झालं, हिंदीत झालं. ते तोंडात येईपर्यंत सिमेंट वाळलं.

दहा दिवसांनी सर्व्हर मधेच बंद पडून आपोआप सुरू व्हायला लागला. आधी दिवसातून एकदा, मग चार-चार वेळा. रविवार आठ दिवसांवर होता. मोठ्या बँकेकडून सक्सेना नावाचा इंजिनियर आला, तिशीचा, भराभर बोलणारा. त्याने दोन्ही जावा बदलल्या, मदरबोर्ड बदलला आणि यूपीएसही बदलला; सगळं एका दुपारी. दुसऱ्या दिवशी सर्व्हर पाच वेळा पडला.

तिसऱ्या दिवशी कदमकाका भोपाळहून परतले. सक्सेनाने काय काय बदललं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सब एक साथ बदल दिया? फिर ठीक होता तो पता कैसे चलता, किससे हुआ?”

“अंकल, ठीक होना चाहिए, बस. पता करके क्या करेंगे?”

कदमकाकांनी जरीच्या पिशवीतून मीटर काढला, डावा हात खिशात घातला आणि दुसऱ्या नि तिसऱ्या तारेला टोकं लावली. काटा एकोणीसवर जाऊन थरथरत राहिला. ते मागच्या दाराकडे गेले. मी त्यांच्या मागे गेले. त्यांनी सवयीने बूट काढले, पँट दुमडली, वर पाहिलं आणि तसेच उभे राहिले. ओट्यावर आता भगवा झेंडा होता आणि कोणी तरी एक गोल दगड शेंदूर लावून आणून ठेवला होता.

“ये कौन हैं?” त्यांनी विचारलं.

“आप ही ने तो बिठाए हैं, साब,” रामसेवक म्हणाला.

कदमकाकांनी माझ्याकडे पाहिलं. “पाणी घातलंस?”

“हो,” मी म्हणाले.

त्यांच्यापाशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं, आणि त्यांना विचारात घेता फार वाईट खोटं. ज्या माणसाला पायातल्या मोज्यांवरून हीटर कळतो त्याला काय कळलं नसेल?

ओटा फोडायला कोणीच तयार नव्हतं. भदौरिया साहेब म्हणाले, वरून लेखी आणा. रामसेवक म्हणाला, नोकरी गेली तरी चालेल. सक्सेनाला वाटलं हे सगळे वेडे आहेत, आणि अर्थिंगबिर्थिंग जुन्या लोकांचे बहाणे. कदमकाकांनी यातल्या कोणाशी वाद घातला नाही. ते माधवगंजला गेले आणि तिथल्या देवळातल्या पाध्ये गुरुजींना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले.

गुरुजींनी ओट्याची प्रदक्षिणा केली. “प्रतिष्ठा कुणी केली?”

“गवंड्यानं,” कदमकाका म्हणाले.

“मंत्र?”

“नाही. उतार मात्र चांगला काढलाय.”

“मग सोपं आहे. आमच्या देवळात हनुमंताशेजारी जागा आहे. इथे निरोपाची पूजा करू आणि तिकडे नेऊ.”

“करा. सध्या सगळ्यांचंच विलीनीकरण चाललंय, यांचं पण होऊन जाऊ दे.”

गुरुवारी सकाळी निरोपाची पूजा झाली. रामसेवकने शेंदराचा दगड स्वतः डोक्यावर घेतला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, सक्सेनानेही दोन खाल्ले. मग गुरुजींची परवानगी घेऊन गवंड्याने संगमरवर उचलला आणि ओटा फोडला. खाली झाकण होतं. कदमकाकांनी ते उघडलं आणि हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांवर कोरडी माती होती, पिठासारखी. त्यांनी ती फुंकरीने उडवली. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दहा बादल्या पाणी गेलं. आत नुसता चुर्र आवाज होत होता. शुक्रवारी काटा अकरावर आला, शनिवारी तीनवर. दोन्ही दिवस कदमकाकांनी सर्व्हरला हात लावला नाही आणि सक्सेनालाही लावू दिला नाही. रविवारी आमची सगळी खाती मोठ्या बँकेत गेली आणि सर्व्हर एकदाही पडला नाही. कदमकाका दिवसभर खोलीबाहेर खुर्ची टाकून पंख्याचा आवाज ऐकत बसले होते. संध्याकाळी मला म्हणाले, “जा, घरी जाऊन जेवून घे. डोळे बघ कसे झालेत.”

सोमवारी बैठक होती. त्याच आठवड्यात माझी इंदूरला बदली झाली आणि नंतर भेटी झाल्या त्या फक्त फोनवर, त्यामुळे कदमकाका डोळ्यांसमोर येतात ते शेवटचे तिथलेच, भदौरिया साहेबांच्या केबिनमध्ये बसलेले.

सक्सेनाने अहवाल आणला होता. त्यातलं कारण बरोबर होतं: अर्थिंग कोरडं पडलं. पण त्याखाली जबाबदारीचा रकाना होता. अर्थिंगची देखभाल कदमांकडे. त्यांनी जाण्यापूर्वी लेखी व्यवस्था केली नाही. जागेला धार्मिक स्वरूप येऊ दिलं. शेरा असा होता की कदमांना सर्व्हरच्या कामावरून काढून काउंटरवर द्यावं. त्यांची नोकरी दीड वर्ष उरली होती. तीस वर्षं ज्यांनी कान लावून पंखे ऐकले ते आता पासबुकं छापणार.

भदौरिया साहेबांनी विचारलं, “कदम जी, किसी को बोलके नहीं गए थे पानी का?”

मी टेबलाच्या टोकाला इतिवृत्त लिहायला बसले होते. नोकरीत कायम व्हायला माझे दोन महिने उरले होते, आणि हे त्या खोलीत सगळ्यांत चांगलं कदमकाकांना माहीत होतं.

“नहीं सर,” ते म्हणाले. “ध्यान से उतर गया. और वो पूजा वाली बात भी मेरी ही है. मुझे मजा आता था.”

त्यांनी खिशातून पेन काढलं. टोपण काढलं. चष्मा नाकावर सरकवून सहीची जागा शोधायला लागले, आणि ती सापडेना म्हणून सक्सेनाला म्हणाले, “बेटा, इतने बडे कागज में मेरी जगह कहाँ रखी है?”

सक्सेनाने बोट ठेवून दाखवलं.

“काका, सही करू नका,” मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. हळूच, फक्त मला कळेल अशा मराठीत म्हणाले, “गप्प बस. तू लिही.”

भदौरिया साहेबांनी विचारलं, “क्या कह रही हैं?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. या वेळी मी वाक्य तयार केलं नव्हतं.

“इनका नाम काट दीजिए,” मी म्हणाले. “ये मुझे बोलके गए थे. पानी मुझे डालना था, मैंने दो दिन डाला. ढक्कन पे सीमेंट पड रहा था तब मैं खिडकी में खडी थी, और इन्होंने पूछा तो मैंने झूठ बोला.”